फायबरची जुनी होडी: तळाची तपासणी आणि डागडुजी

- फायबरग्लास : काचतंतूंची मॅट किंवा कापड आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे एकावर एक थर.
- जेलकोट : बाहेरचा रंगीत, गुळगुळीत थर. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर.
- भेग कुठवर? केसासारखी रेष जेलकोटपुरतीच असेल, तर खरवडून पुन्हा जेलकोट भरतात. काचतंतू उघडे पडले असतील, तर नवे थर चढवावे लागतात.
- ठोकून पाहणे : लहान हातोडीने हलके ठोकतात. खणखणीत आवाज म्हणजे थर घट्ट. बद्द आवाज म्हणजे थर सुटलेले किंवा आत पाणी.
- फोड (ऑस्मोसिस) : थरांत मुरलेल्या पाण्यामुळे येतात. फोडल्यावर व्हिनेगरसारख्या आंबट वासाचा द्रव निघतो. भरण्याआधी तळ पूर्ण वाळवतात. याला कित्येक आठवडे लागू शकतात.
- कडेचा उतार : जाडीच्या साधारण १२ पट. तळ ५ मिमी जाड असेल, तर भोकाभोवती ६० मिमी उतार घासतात. नवे थर त्यावर पकड घेतात.
- रेझिन : पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के. इपॉक्सीचे प्रमाण डब्यावर दिलेले असते, तेच पाळतात. वाळलेल्या जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सीची पकड अधिक घट्ट.
- काळ : महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या किनाऱ्यावर असतात; पण हवा दमट, म्हणून काम छपराखाली, कोरड्या पृष्ठभागावरच.
- काळजी : घासताना मास्क, चष्मा, हातमोजे. काचेची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.