आपल्या शिवारातला पाऊस आपणच मोजू

अतिवृष्टीच्या मदतीसाठी एक निकष लावला जातो : महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. पण मंडळात गावे अनेक असतात. मापक एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात झाली, तर वाहून गेलेल्या शेतातला पाऊस कागदावर येतच नाही. फळपीक विम्याचा हिशेबही मंडळाच्या हवामान केंद्रावरूनच होतो. यात मार खातो तो अल्पभूधारक. म्हणून गावोगावी पर्जन्यमापक हवेत, असे आमचे मत आहे.

मापक बसवणे सोपे आहे. त्याचा आकडा बाहेर आणणे अवघड. डोंगरकपारीत मोबाइलची रेंज नसते आणि प्रत्येक यंत्राला सिमकार्ड घेतले तर रिचार्ज परवडत नाही. यावर ‘लोरा’ हे रेडिओ तंत्रज्ञान उपयोगी पडते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एका कंपनीने ते विकसित केले आणि 2012 साली सेमटेक या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली.

साधा रेडिओ एकाच वारंवारितेवर बोलतो. लोराचा संदेश मात्र रुंद पट्ट्यावर पसरतो. त्याची लहर खालच्या वारंवारितेपासून वरच्या वारंवारितेपर्यंत सरकत जाते, चढत्या शिट्टीसारखी. जत्रेच्या गोंगाटात बोललेला शब्द हरवतो, पण चढत जाणारी शिट्टी कान ओळखतो. तसेच हा रेडिओ गोंगाटापेक्षा शंभरपट क्षीण संदेशही वाचू शकतो. त्यामुळे मोकळ्या माळावर, उंच अँटेना असेल तर, दहा किलोमीटरपर्यंत संदेश जातो. मध्ये डोंगर आला की मात्र अडतो.

या लांब पल्ल्याची किंमत वेगात मोजावी लागते. सर्वांत दूरच्या सेटिंगवर सेकंदाला जेमतेम 300 बिट जातात. फोटो पाठवता येणार नाही, पण पावसाचा आकडा मोजक्या अक्षरांत मावतो. यंत्र संदेश पाठवून पुन्हा झोपी जाते, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. गावातल्या उंच टाकीवर एक ग्रहण केंद्र आणि त्याला इंटरनेट असले की आजूबाजूचे अनेक मापक त्याला जोडता येतात. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत वापरायला वेगळा परवाना लागत नाही.

एक काळजी घ्यावी. काही संदेश वाटेत हरवतातच. म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा आणि एक प्रत यंत्रातच साठवावी.

आपल्या मापकाचा आकडा सरकार लगेच मान्य करेल, अशा भ्रमात आम्ही नाही. पण पंचनाम्याच्या वेळी रिकाम्या हाताने उभे राहणे वेगळे आणि तारीखवार नोंदवही घेऊन उभे राहणे वेगळे. गावोगावी सरकारी मापक बसवा, ही मागणीही त्याच वहीच्या बळावर ठामपणे करता येईल.