एकमत म्हणजे गप्प बसणे नव्हे

आपल्या सिनेगॉगच्या मीटिंगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शेवटी कोणीतरी विचारतो, "सगळ्यांना मान्य आहे ना?" कोणी बोलत नाही, आणि वहीत लिहिले जाते : ठराव एकमताने मंजूर. हिब्रूत याला 'पे एहाद' म्हणतात, म्हणजे एक तोंड. मराठीतही आपण 'एकमुखाने' म्हणतोच. पण तोंड एक आणि मने दहा असली, की तो ठराव वहीतच राहतो.

कोकणात आपल्या वाडवडिलांकडे मुकादम असे आणि त्याच्या मदतीला चौगुले. लग्नाचा प्रश्न असो की घरातले भांडण, ते वडीलधाऱ्यांपुढे मांडले जाई. पुढे मुंबईतही हीच पद्धत चालली. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी तिथे पहिले सिनेगॉग बांधले. त्याला आपली माणसे 'जुनी मशीद' म्हणत. समाज लहान होता. आज ज्याच्याशी वाद झाला, त्याच्याच घरी उद्या मलिद्याला जायचे असे. अशा ठिकाणी नुसते हात मोजून भागत नाही. रुसलेल्याची समजूत घालावीच लागते.

अर्थात ते सर्व सोन्यासारखे होते असे नाही. न ऐकणाऱ्याला वाळीत टाकण्याची भीती असे. बायकांचे मत क्वचितच विचारले जाई. गोरे आणि काळे इस्राएल असा भेद आपणच पाळला, त्यांच्यात बेटीव्यवहारही नव्हता. ज्यांना विचारलेच नाही, त्यांच्या वतीने झालेले एकमत खरे कसे म्हणायचे?

आपल्या समाजाचे खरे एकमत या देशाने १९६४ साली पाहिले. १९६२ साली रब्बीनेटने लग्नाच्या नोंदणीसाठी बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला होता. गावोगावची आपली माणसे जेरुसलेमला येऊन धरणे धरून बसली. मागणी साधी होती, आम्हाला वेगळे काढू नका. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतमध्ये हा प्रश्न आला आणि बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असे जाहीर झाले. रब्बीनेटलाही आपल्या समाजाचे नाव त्या नियमातून काढावे लागले. ती मागणी वरून आलेली नव्हती. प्रत्येक घराला तिची झळ लागली होती, म्हणून ती टिकली.

आता प्रश्न तसे मोठे नाहीत, पण आहेत. प्रार्थनेच्या आपल्या जुन्या चाली ठेवायच्या की नाही? मलिदा मुलांना कोणी शिकवायचा? मीटिंगमध्ये तरुण मंडळी भराभर हिब्रूत बोलतात आणि आजी-आजोबा मान हलवतात. मान हलवली म्हणजे पटले असे आपण धरून चालतो. घरी गेल्यावर मात्र मराठीत खरे मत बाहेर पडते!

आपल्या धर्मग्रंथांत यावर चांगला विचार आहे. देहदंडाच्या खटल्यात २३ न्यायाधीश बसत आणि सर्वांत कनिष्ठ असेल त्याने आधी बोलायचे असे, म्हणजे मोठ्यांच्या दबावाने तो गप्प बसू नये. सगळ्यांनी एकमुखाने दोषी ठरवले तर आरोपीला सोडावे, असेही तल्मूद सांगते. इतके एकमत म्हणजे बचावाची बाजू कोणी पाहिलीच नाही! आणि हिल्लेलच्या शिष्यांचा निर्णय मान्य झाला, कारण ते शम्मायच्या शिष्यांचे म्हणणे आपल्या आधी सांगत.

आपल्या वाअदलाही हे जमण्यासारखे आहे. महत्त्वाचा निर्णय एका बैठकीत उरकू नये. जे बोलले नाहीत, त्यांना घरी जाऊन, त्यांच्या भाषेत विचारावे. विरोध असेल तर तोही वहीत लिहावा. वेळ जाईल, चहा जास्त लागेल, पण ज्याचे म्हणणे पडले तोही पुढच्या शब्बाथला नेहमीच्या जागी येऊन बसेल. आपल्यासारख्या लहान समाजाला याहून मोठा फायदा कोणता?