अडीच सुताचा बोल्ट

साकोली मागे टाकून देवरीकडे निघालो होतो. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याचा नंबर ५३. ऑगस्टचा पहिला आठवडा. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत रोवणी चाललेली, आणि चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर चिखलाचे पट्टे ओढलेले. कोहमारा जवळ आलं तेवढ्यात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि बोनेटखालून पट्ट्याची किरकिर सुरू झाली.

चौकाजवळच्या टिनाच्या शेडमधल्या मिस्त्रींनी टॉर्च मारून पाहिलं. अल्टरनेटरचं ब्रॅकेट धरणारा बोल्ट तुटला होता. डोक्याकडचा तुकडा खालच्या गार्डवर पडलेला, उरलेला इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये, तोंडापासून दोनेक मिलिमीटर आत. मिस्त्रींनी पडलेला तुकडा फडक्याने पुसला आणि आट्यांवर आटे मोजायच्या पिच गेजचं एक पातं टेकवलं, मग दुसरं. म्हणाले, “भाऊ, हा बोल्ट गाडीचा नाहीच. अडीच सुताचा आहे.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट अजून सुतात मागतात. अडीच सुताची जाडी ७.९४ मिमी, गाडीच्या बोल्टची ८ मिमी. डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, डोक्यावर १३ चा पानाही बरेचदा चालून जातो. फरक आट्यांत असतो. ब्रिटनच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांची मापं पहिल्यांदा ठरवून दिली. त्याच्या अडीच सुती बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिमी अंतर, आणि आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिक ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टचं अंतर १.२५ मिमी आणि कोन ६० अंश. दर फेऱ्याला ०.१६ मिमीची चूक साठत जाते. पहिले दोन फेरे बोटांनी जातात, तिसऱ्याला बोल्ट अडतो. तिथे थांबायला हवं. पण पान्याला पाइप लावला की स्टील जिंकतं आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजात मी पट्टा बदलून घेतला होता. तिथे नेमकं हेच झालं असणार.

पण आटे गेले तर बोल्ट ढिला व्हावा, तुटावा का? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर विज्ञान वाटतं. आपण बोल्टला खिळ्याचा भाऊ समजतो. खरं तर तो स्प्रिंग आहे. आवळताना तो ताणला जातो, आणि परत आखडू पाहताना दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ८ मिमीचा चांगला बोल्ट २५ न्यूटन-मीटरने आवळला की साधारण सोळाशे किलोचा दाब तयार होतो. एवढुशा बोल्टात सोळा क्विंटल धानाचं वजन! त्यासाठी तो ताणला किती जातो? चार सेंटीमीटर लांबीमागे जेमतेम केसाच्या जाडीएवढा.

आपण लावलेल्या जोरातलं या कामी फार थोडं येतं. शंभरातले पन्नासेक भाग डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीसेक आट्यांच्या घर्षणात, आणि दहाच्या आसपास ताण बनतात. म्हणून कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला जोर तेल लावलेल्या बोल्टवर तसाच लावला, तर ताण कितीतरी वाढतो आणि बोल्ट लांबत जाऊन मान टाकतो. “तेल लावून घट्ट आवळ” हा सल्ला आपुलकीचा असतो, पण घातक ठरू शकतो.

माझा बोल्ट डोकं टेकायच्या आधीच अडकला होता. पान्याला तो घट्ट लागला, पण ब्रॅकेटवर दाब शून्य. मग इंजिनाच्या प्रत्येक थरथरीसरशी ब्रॅकेट सूतभर हलायचं आणि बोल्ट इकडून तिकडे वाकायचा. यालाच धातूचा थकवा म्हणतात. तुटलेल्या तोंडावर त्याची खूण स्पष्ट होती. अर्ध्या भागात एकामागे एक वाकड्या रेघा, उन्हाळ्यात नवेगावबांध तलावाचं पाणी मागे सरकताना काठाच्या गाळावर उमटतात तशा. भेग थोडी थोडी पुढे गेली होती. उरलेला भाग खडबडीत, तो एका झटक्यात तुटलेला.

आता आतला तुकडा काढायचा. मी ‘ईझी आउट’ सुचवलं. बोल्टात भोक पाडून त्यात उलट्या आट्यांची ती कांडी फिरवतात. मिस्त्रींनी मान हलवली. ती कांडी फार कडक, म्हणून ठिसूळ. आत मोडली तर तिच्यात साधं ड्रिल शिरत नाही, आणि दहा मिनिटांचं काम इंजिन उतरवण्यापर्यंत जातं.

त्यांनी बॅटरीच्या दोन्ही केबल सोडल्या. भोकावर एक नट ठेवला आणि वेल्डिंगची कांडी नटाच्या पोटातून तुटक्या बोल्टवर टेकवली. ठिणगी, थांबा, पुन्हा ठिणगी. तळातून वर वर भरत नट आणि तुकडा एकजीव केले. स्टीलचं हे वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, हे या युक्तीचं मर्म. दुसरं काम उष्णतेने केलं. तापलेला तुकडा फुगून भोकाच्या भिंतीवर दाबला गेला आणि मध्ये साचलेला पांढरा क्षार चिरडला. थंड होताना तो आखडला आणि बारीक फट राहिली. ८ मिमीचं स्टील ३०० अंशांनी तापलं तर फक्त ०.०३ मिमी फुगतं, पण तेवढं पुरतं. लाली गेल्यावर मिस्त्रींनी मेणबत्ती टेकवली. समईच्या वातीत तेल चढतं तसं मेण फटीत ओढलं गेलं. मग पाना: पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. करकर आवाज आला की थांबायचं. पंधरा मिनिटांत तुकडा हातात आला, वेटोळं झालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सालीसकट.

गंजलेल्या बोल्टलाही हाच न्याय. आपल्याकडच्या पावसात आणि चिखलात गाडीखालचे बोल्ट गंजणारच, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे पाचर मारल्यासारखे धरतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडावं, सकाळी सहा कोनांचीच गोटी लावावी. बारा कोनांची गोटी फक्त टोकांना धरते आणि डोकं गोल करते. ज्योत लावायची तर जवळ रबर, ब्रेकचा पाइप किंवा इंधनाची नळी नाही ना, हे आधी पाहावं.

भोकातले आटे संपले होते. पूर्वी अशा वेळी मोठा टॅप मारून जाडा बोल्ट घालत, पण मग ब्रॅकेटही कोरावं लागतं. मिस्त्रींच्या डब्यात हेलिकॉइल होतं, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तारेचा काप चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा, त्यामुळे तिची बाहेरची बाजू भोकाच्या आट्यांत बसते आणि आतली बोल्टसाठी आटे होते. भोक ८.३ मिमीचं केलं, टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यालाच चिकटावा, नवे आटे कापले, स्प्रिंग फिरवत आत बसवली आणि तळाची जीभ ठोसून मोडली. कारखान्यातल्या आट्यांपेक्षाही हे आटे बरेचदा भक्कम ठरतात. एरवी सगळ्या भारातला सुमारे एक तृतीयांश पहिला आटाच उचलतो. तार थोडी लवचीक असल्याने तो भार पुढच्या आट्यांत वाटते, आणि अ‍ॅल्युमिनियमला जास्त व्यासावर पकड मिळते.

नव्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं होतं. पहिल्या ८ चा अर्थ तो ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही. दुसऱ्याचा, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा लांबत नाही. बोटांनी सात फेरे सहज गेले. मग टॉर्क पाना, २५ वर लावलेला, आणि एक टक् आवाज.

शेवटी मिस्त्रींनी पांढऱ्या रंगाने बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर एक सरळ रेघ ओढली. देवरीला चहाला थांबलो तेव्हा आधी बोनेट उघडलं. रेघ सरळ होती.