मुलाची फाईल तयार, आईचं काय?

मी स्पेशल एज्युकेटर आहे. परवा गंगापूर रोडवर थेरपीसाठी आलेल्या एक आई भेटल्या. मुलाचे सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले. "तुमची झोप होते का?" विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, माझं काय घेऊन बसलात!"

तेच घेऊन बसायला हवं.

झोप उडणं, सतत चिडचिड, लग्नकार्य टाळणं, सारखं रडू येणं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर डॉक्टरांना सांगा. बाबांनीसुद्धा! ते गप्प बसतात आणि घर समजतं, यांना काही होत नाही.

आपल्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी ही विशेष मुलांची शाळा सुरू केली, तीही स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. अशा शाळेच्या फाटकाशी पालकांना पालक भेटतात. माझ्या मते निम्मं औषध तिथेच आहे.

सगळ्यात मोठा घोर एकच: आमच्यामागे याचं कोण? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १८ वर्षांनंतर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा. त्याच कायद्याखाली 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे.

नातेवाइकांनो, सल्ले पुरेत. रविवारी दोन तास मूल सांभाळा, त्यांना सिनेमाला पाठवा.

बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. कागदपत्रांबद्दल काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं उत्तर देते.