अनुदानाची वाट: दिल्ली ते धाराशिव

विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि अनुदान देणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे आली. धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या विद्यापीठाच्या हाती असतात.

पैशाची वाट मात्र वेगळी आहे. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकांची वेतनश्रेणी आयोग सुचवतो, पण दरमहा पगार राज्य सरकारच्या उच्च शिक्षण विभागाकडून होतो. आयोगाचा विकासनिधी हवा असेल तर कायद्याच्या कलम २(फ) खाली मान्यता आणि कलम १२(ब) खाली पात्रता लागते. ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने ही दुसरी पायरी फार मोलाची, कारण ग्रंथालय आणि प्रयोगशाळेसाठी स्थानिक देणग्या क्वचितच पुरतात. २०१३ पासून राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान (रुसा) या योजनेत केंद्र आणि राज्य साधारण ६०:४० या प्रमाणात खर्चाचा भार उचलू लागले.

याच जिल्ह्यात तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे. ही संस्था मात्र मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येत नाही. कारण तिला १९६४ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.