सर्वांत मोठी बोली कोणाची?

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हा संत्र्याच्या बागांचा भाग. फळे झाडावर असतानाच उभी बाग व्यापाऱ्याला विकण्याची पद्धत विदर्भाच्या संत्रापट्ट्यात रूढ आहे. व्यापारी बागेत फिरतो, अंदाज बांधतो आणि एकठोक रक्कम सांगतो. तोडणीला नेमकी किती फळे निघतील, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. मग सर्वांत मोठी रक्कम सांगणारा व्यापारी सर्वांत जाणकार असतो का? आपण हिशेब करून पाहू.

समजा, बागेत २०० झाडे आहेत आणि प्रत्येकावर सरासरी ६०० फळे. खर्च वजा जाता फळामागे २ रुपये मिळणार असतील, तर बागेची खरी किंमत २,४०,००० रुपये झाली. पाच व्यापारी वेगवेगळे येऊन बाग पाहतात. झाडामागे त्यांचे अंदाज ४५०, ५५०, ६००, ६५० आणि ७५० फळांचे आहेत. या अंदाजांची सरासरी बरोबर ६०० येते. म्हणजे सगळे मिळून चुकलेले नाहीत. प्रत्येकाने आपल्या अंदाजापेक्षा दहा टक्के कमी बोली लावली, तरी बाग ७५० वाल्यालाच मिळते, २,७०,००० रुपयांना. त्याला ३०,००० रुपयांचा तोटा होतो. बोली जिंकणे म्हणजे बहुधा सर्वांत जास्त चुकणे! बोली लावणारे जितके जास्त, तितका सर्वांत मोठा अंदाज खऱ्या किमतीच्या अधिक पुढे जाण्याचा संभव.

याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. तेलाच्या क्षेत्रांच्या लिलावात तो १९७१ साली तीन अमेरिकी अभियंत्यांनी दाखवून दिला. पुढे बेझरमन आणि सॅम्युएलसन यांनी बोस्टन विद्यापीठातील व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे नाणी आणि कागदी टाचण्यांच्या बरण्या ठेवल्या. प्रत्येक बरणीची किंमत ८ डॉलर होती, पण ती विद्यार्थ्यांना सांगितली नव्हती. १९८३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मोठे बोलके आहेत. अंदाजांची सरासरी होती ५.१३ डॉलर, म्हणजे खऱ्या किमतीहून कमीच. तरीही जिंकणाऱ्या बोलींची सरासरी १०.०१ डॉलर निघाली!

यात बागायतदाराचा फायदाच, असे वाटेल. पण तोट्यात आलेला व्यापारी तोडणीच्या वेळी रक्कम कमी करून मागू शकतो, किंवा इसार सोडून निघून जाऊ शकतो. उलट, शाप ओळखणारा व्यापारी आधीच हात राखून बोली लावतो. दोन्हींचे मूळ एकच : अपुरी माहिती. लिलावाच्या सिद्धांतासाठी २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळवणाऱ्या मिलग्रोम आणि विल्सन यांच्या परंपरेतील संशोधन सांगते की, विकणाऱ्याने विश्वासार्ह माहिती सर्वांपुढे ठेवली, तर सरासरीने त्याला अधिक किंमत मिळते. चिठ्ठ्या टाकून दहा झाडे निवडावीत, त्यांवरची फळे मोजावीत आणि तो आकडा प्रत्येक व्यापाऱ्याला दाखवावा. फळगळीची अनिश्चितता उरतेच, पण अंदाज जवळ येतात.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एका बरणीत मोजून चिंचोके भरा. एक चिंचोका म्हणजे एक गुण. प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठीवर आपला अंदाज आणि बोली गुपचूप लिहावी. अंदाजांची सरासरी, सर्वांत मोठी बोली आणि खरी संख्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. मग मूठभर चिंचोके सर्वांसमोर मोजून, नव्या बरणीवर पुन्हा बोली लावायला सांगा. काय बदलले, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.