सर्व्हरची 'सी' ड्राइव्ह भरली तर काय करावे?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या कापडाच्या पेठांत लाल बही आता कपाटात गेली असून हिशेब संगणकावर लिहिला जातो. आतल्या खोलीत एक सर्व्हर, त्याला जोडलेले तीन-चार संगणक, आणि खरेदी, विक्री, जॉबवर्क, उधारी सगळे त्या एका पेटीत. मग एके दिवशी ती पेटी 'जागा शिल्लक नाही' असे म्हणू लागते. बिल सेव्ह होत नाही, टॅली मध्येच बंद पडते, आणि गिऱ्हाईक मात्र समोर उभे असते. अशा वेळी घाईने काही करण्याऐवजी हे प्रकरण व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

सर्व्हर बसविणारा बहुधा डिस्कचे भाग पाडून विंडोजसाठी ६० किंवा ८० जीबीचा 'सी' ठेवतो. विंडोज सर्व्हर २०१६ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ३२ जीबी सांगितली आहे, म्हणून ६० पुष्कळ वाटते. पण दर महिन्याच्या अपडेटचा जुना माल 'विनएसएक्सएस' या फोल्डरमध्ये साचत जातो. त्यात लॉगच्या फाइली आणि पेजफाइल यांची भर पडते. शिवाय टॅलीप्राइम बसविताना वेगळी जागा सांगितली नाही तर त्याचा डेटाही 'सी'वरच जातो. तेव्हा आधी डिस्क क्लीनअप चालवावे आणि हिशेबाचा डेटा दुसऱ्या भागावर हलवावा. विनएसएक्सएस हाताने पुसू नये. त्याने विंडोजच बसते.

एवढ्याने भागले नाही तर डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावे. त्याच डिस्कवर 'सी'च्या लगेच उजवीकडे रिकामी जागा असेल तर नव्या डिस्कची गरजच नाही. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबले की काम झाले. मध्ये रिकव्हरीचा लहान भाग आडवा बसला असेल तर ते बटण चालत नाही. डिस्कच अपुरी असेल, तरच मोठी विकत घ्यावी.

येथे एक गंमत सांगतो. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते व काहींना फसवणूक झाल्यासारखे वाटते. तसे नाही. कारखानदार हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. थान तेच, एकाने वाराने मापले, दुसऱ्याने मीटरने! मात्र २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेणाऱ्याने मशीन नीट पाहावी. जुन्या एमबीआर पद्धतीत त्यापुढची जागा मोजलीच जात नाही. जीपीटी पद्धत लागते, आणि तिच्यावरून विंडोज सुरू होण्यासाठी यूईएफआयची मशीन लागते. आमच्या मते लहान पेढीला १ टीबी पुरे.

सर्व्हरमध्ये रेड असेल, म्हणजे दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जात असेल, तर खाली दिलेली रीत लावू नये. ते काम कंट्रोलर जाणणाऱ्याकडूनच करवावे. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेले खाते दोन्ही डिस्कवरून एकदम जाते.

आता मुख्य काम. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून गुरुवारची रात्र सोयीची. इतरांनी आपापल्या सुटीचा दिवस धरावा. आधी डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडतो की नाही हे पाहावे. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड. ट्रायल बॅलन्स व शेवटच्या बिलाचा नंबर कागदावर छापून ठेवावा. बिटलॉकर असेल तर बंद करावे व त्याची रिकव्हरी की लिहून घ्यावी. टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो, म्हणून तो आधी सरेंडर करावा व नंतर पुन्हा सुरू करावा.

नक्कल करण्यासाठी क्लोनझिला हा मोफत प्रोग्राम आहे. क्लोनिंगच्या पुष्कळ प्रोग्रामांच्या मोफत आवृत्त्या सर्व्हरचे विंडोज दिसताच नकार देतात, हा मात्र चालतो. तो पेनड्राइव्हवरून सुरू होतो, म्हणजे विंडोज झोपलेले असते आणि कोणतीही फाइल उघडी नसते. फक्त 'सी'ची नव्हे, तर पूर्ण डिस्कची नक्कल करावी. 'सी'च्या आधी असलेला छोटा बूटचा भाग राहून गेला तर मशीन सुरूच होणार नाही. सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे 'कोठून' आणि 'कोठे' निवडण्याचा. उलटे निवडले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल व सगळी खाती जातील. म्हणून डिस्कचा मॉडेल नंबर आणि आकार मोठ्याने वाचून, दुसऱ्या माणसाला ऐकवून मगच एंटर दाबावे.

सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५०० जीबीला सुमारे दीड तास लागतो. पेढीचा यूपीएस एवढा टिकत नाही. वीज गेली तरी जुन्या डिस्कला अपाय नाही, कारण तिच्यावरून फक्त वाचले जाते. नक्कल पुन्हा करावी लागेल इतकेच.

नक्कल झाल्यावर जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा मशीन सुरू करावी. दोन्हींची ओळख-सही एकच असल्याने विंडोजचा गोंधळ होतो. नंतर 'सी' वाढवावी. आडवा आलेला रिकव्हरीचा भाग जीपार्टेडने शेवटी सरकविता येतो, पण हे नव्या डिस्कवरच करावे. मग छापील ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळवावा, प्रत्येक संगणकावरून एक बिल उघडून पाहावे, प्रिंटर तपासावा.

जुनी डिस्क महिनाभर तारीख लिहून, न लावता ठेवावी. मात्र नवीवर एक जरी बिल फाडले तर जुनीवर परतताना ते बिल मिळणार नाही, म्हणून पहिल्या आठवड्याची कच्ची बिले कागदावर असावीत. जी.एस.टी. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. त्यासाठी जुन्या डिस्कवर विसंबू नये, बॅकअप वेगळाच असावा. आणि ती डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी पूर्ण पुसून किंवा फोडून द्यावी. गिऱ्हाइकांची नावे, भाव आणि उधारी तिच्यावर तशीच असते.